मार्कांची सेवा

एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) पोरांवर आमच्याकडं एक आरोप कायम असतो: ही पोरं मार्कांसाठी येतात. आरोप खराच आहे. दोन वर्षांत 240 तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर पुरं केलं की प्रमाणपत्र मिळतं, ते पुढं कुठंतरी कामी येईल अशी पोरांना आशा असते. मी सेनगाव तालुक्यात बरीच वर्षं मराठी शिकवलं, कार्यक्रम अधिकारी म्हणून शिबिरंही काढली. "कशाला आलास?" या प्रश्नाला "समाजसेवेसाठी, सर" म्हणणाऱ्या पोरापेक्षा "मार्कासाठी" म्हणणारा मला जास्त भरवशाचा वाटत आला. त्याच्याजवळ निदान भाषण नसतं.

तरी प्रश्न उरतोच, आणि तो धर्माचा आहे. मनात स्वार्थ ठेवून केलेलं काम सेवेत जमा होतं का?

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला लोकसंग्रहासाठी कर्म करायला सांगतो, हे उद्‌घाटनाच्या प्रत्येक भाषणात येतं. त्याला लागूनच आलेलं मात्र कोणी सांगत नाही. फळाच्या आशेनं कर्म करणाऱ्यांचा बुद्धिभेद करू नये, जाणत्यानं स्वतः नीट काम करत त्यांनाही कामाला लावावं, असं कृष्ण तिथंच बजावतो. म्हणजे मार्कांसाठी आलेल्या पोराला लाजवायचा अधिकार मला नाही, टिकाव घेऊन त्याच्या शेजारी उभं राहायचं काम तेवढं आहे. (शिबिरात खुर्चीवर बसून निष्काम कर्मावर बोलणाऱ्यांसाठी गीतेत काय आहे, ते मी शोधलेलं नाही.)

कयाधूकाठच्या एका गावात आम्ही शोषखड्डे केले. तीन-चार फूट खोल खड्डा, तळाला मोठे दगड, वर लहान, मधोमध भोकं पाडलेलं मडकं. भांड्यांचं पाणी मडक्यात पडतं, राख-खरकटं तिथंच अडतं, पाणी खाली मुरतं. आमची जमीन काळी, चिकट. आधीच पाणी मुरायला वेळ घेते. मडक्यातला गाळ वरचेवर काढला नाही तर खड्डा तुंबलाच. पाचव्या दिवशी फोटो निघाले, बॅनर लागलं. ओट्यावर बसलेली एक आजी म्हणाली, "सात रोजानं तुमी जाताव. मंग ह्यातला गाळ कोन काढावं?"

त्या आजीचा प्रश्न मला सगळ्या निष्काम-सकाम चर्चेपेक्षा मोठा वाटतो. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं घरोघर असेच खड्डे करून डासमुक्त गाव म्हणून नाव मिळवलं. तिथं काम गावानं आपलं मानलं, म्हणून निगाही गावानंच राखली. आमच्या खड्ड्यांवर पाटी कॉलेजची होती.

पावसाळा लागला आणि आजीचा खड्डा तुंबला. तिनं नातवाच्या मोबाइलवरून आमच्या एका पोराला असं झापलं, की तो रविवारी जाऊन गाळ काढून आला. "मार्कासाठी" म्हणणाराच होता तो. गेला तोही सेवाभावानं नव्हे, शरमेनं. पण खड्डा वाहता झाला, आणि त्या घरापुरता तरी माझा धर्माचा प्रश्न तिथं सुटला.

गेलेल्या गावाशी नातं उरणं म्हणजे काय, याची एक गोष्ट आमच्या शेजारचीच आहे. सेनगावहून नर्सी फार लांब नाही. परंपरेनं नामदेवांचा जन्म तिथला, 1270 चा. गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतांची डोकी तपासली, नामदेव कच्चे ठरले, मग औंढ्याला विसोबा खेचरांकडं गेले, ही गोष्ट इथल्या लेकरालाही ठाऊक असते. कीर्तनात ती बहुधा तिथंच संपते. मला पुढचं महत्त्वाचं वाटतं. पक्के झालेले नामदेव पंजाबात गेले, घुमानला राहिले. परंपरा वीसेक वर्षं सांगते. त्यांची 61 पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. परक्या मुलखानं एखाद्याचे शब्द आपल्या ग्रंथात घ्यावेत, ही गोष्ट पाहुणा म्हणून राहून होत नसते.

24 सप्टेंबर 1969 ला, गांधी शताब्दीच्या वर्षात, 37 विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तेव्हापासून किती गावांनी सात दिवस पोरं पाहिली असतील! आठव्या दिवशी त्या गावाशी पोराचं काय उरतं, मी एवढंच बघतो. आलं कशासाठी, हे त्याचं त्याच्यापाशी.

यंदा शिबिराला जाणाऱ्यांनी मार्कांसाठी खुशाल जावं. पहिल्या दिवशी टिकाव उचलायच्या आधी गावाला विचारा, काम कुठलं करू. आणि "हे नको" म्हणाले तर ते करू नका. निघताना ज्या घरापुढं खड्डा खोदलात, त्या घरचा नंबर घ्या. मृगाचा पाऊस पडला की फोन करा, पाणी मुरतंय का विचारा. मुरत नसेल तर रविवारची एसटी धरा आणि जाऊन मडकं उपसा. जेवणाचा डबा नेऊ नका, त्या घरी भाकरी मिळते.