दोर कोणी ठेवला?

मराठीत नांगर या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि आमच्या घरात दोन्ही नांगर होते. एक पडवीत टांगलेला, शेताचा. दुसरा खाडीतल्या होडीच्या पुढच्या टोकात पडलेला. पहिला जमीन फोडायला, दुसरा जमीन धरायला.

शेताच्या नांगराची आमच्या वडिलांना फार काळजी. नांगरणी आटपली की फाळाची माती खरवडायची, नांगर धुवायचा, सुकवायचा, फाळाला तेलाचा हात फिरवायचा आणि मगच वर टांगायचा. कंटाळा केला की म्हणायचे, "उद्या ह्यो कोण उचलतलो, म्हायत नाय." म्हणजे वस्तू ठेवायची ती आपल्यासाठी नव्हे, जो उचलणार त्याच्यासाठी.

होडीच्या नांगराला आमच्याकडे तो मान नव्हता. होडी नंतर आली. कर्लीच्या खाडीत जाळी टाकायला आणि पलीकडे नारळ, भाजी न्यायला दादाने आणि मी मिळून सतरा-अठरा फुटांची फायबरची होडी घेतली. मागे रॉकेलवर चालणारं छोटं इंजिन. इंजिन चालतंय तोवर नांगराची आठवण कुणाला येते? धक्क्याला आल्यावर होडी माडाला बांधली की झालं. नांगर महिन्यातून दोनचारदा लागायचा. म्हणून तो आणि त्याचा दोर पुढच्या टोकात कसाही पडलेला असायचा. ओला दोर, त्याच्यावर नांगर, त्याच्यावर जाळ्याची टोपली.

शेतकऱ्याला नांगर म्हणजे काय ते सांगायला नको, पण होडीचा नांगर कसा काम करतो ते मलाही उशिरा कळलं. लोकांना वाटतं, होडी नांगराच्या वजनाने थांबते. तसं नाही. आमचा नांगर सात-आठ किलोचा, चार दातांचा. तेवढ्या वजनाने भरलेली होडी कशी थांबेल? ती थांबते दातांनी तळ धरल्यामुळे. आणि दात तळ धरतात ते ओढ आडवी असेल तर. वरून सरळ ओढलं की तोच नांगर निसटतो, काढताना आपण तसाच काढतो. म्हणून दोर पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट सोडायचा, वारा असला तर सातपट. तीन वाव पाणी असेल तर पंधरा वाव दोर. दोन हात पसरले की जेवढं अंतर होतं तो एक वाव, सुमारे सहा फूट. दोराच्या आणि नांगराच्या मध्ये वाव-दीड वाव साखळी, म्हणजे तिच्या वजनाने ओढ तळालगत राहते. सांगायचा मुद्दा एवढाच की नुसता नांगर असून उपयोग नाही, दोर सरळ आणि पुरेसा सुटायला हवा. गुंतलेला पंधरा वाव दोर हा दोन वावाचा दोर असतो.

आता ती गोष्ट. वीसेक वर्षं झाली असतील. भातकापणीचे दिवस होते. कापलेलं भात शेतात पसरलेलं आणि परतीचा पाऊस डोंगरावर काळा होऊन उभा. मी पलीकडून होडी घेऊन आलो. त्या दिवशी जाळ्यासाठी मध्ये नांगर टाकला होता, तो चिखलासकट ओढून घेतलेला. दोर गुंडाळायला दहा मिनिटं लागली असती. मी तो पायाने पुढे सारला, नांगर त्याच्यावर टाकला, टोपली वर ठेवली आणि शेताकडे धावलो. भात वाचलं. त्या रात्री मी समाधानाने झोपलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे दादा होडी घेऊन गेला. सोबत माझा मुलगा, तेव्हा चौदा वर्षांचा. अमावास्येच्या आसपासचे दिवस होते, सुकतीला जोर होता. देवबागच्या टोकाशी, जिथे कर्ली समुद्राला मिळते, तिथे वाळूचे पट्टे आहेत आणि त्यांच्यावर लाटा फुटतात. त्याच्या अलीकडे इंजिन बंद पडलं. रॉकेलमध्ये पाणी गेलं असावं. ओहोटी होडीला त्या फुटणाऱ्या लाटांकडे ओढायला लागली. वल्ही मारून काही होईना. दादाने नांगर टाकला.

दोन वाव दोर सुटला आणि पुढचा गठ्ठा टोपलीखाली अडकला. नांगर पाण्यात लोंबकळत राहिला. दादाने हात घालून गुंता मोकळा केला, तसा नांगर खाली गेला, तळ धरला आणि होडीची सगळी ओढ एकदम दोरावर आली. दोर आणि होडीची कड यांच्यामध्ये दादाचा उजवा हात होता. होडी थांबली. दोन बोटं पहिल्या पेरापर्यंत गेली. दुसऱ्या एका होडीने त्यांना ओढून आणलं.

दादा गावच्या भजनात पखवाज वाजवायचा. त्यानंतर तो टाळ घेऊन बसू लागला.

त्या संध्याकाळी मुलाने मला विचारलं, "बाबा, दोर कोणी ठेवल्यान होतो?" मी म्हटलं, "रात्री होडी हलून गुंतला असेल." मुलगा गप्प बसला. दादाने तर कधी विचारलंच नाही. गावात सगळे म्हणाले, नशीब, जिवावरचं बोटावर गेलं.

हा नशीब शब्द मी पुढे पुष्कळ वर्षं पांघरून घेतला. मनाशी हिशेब मांडायचा की, असाच दोर मी शंभरदा टाकला होता आणि काही झालं नव्हतं. मग शंभरदा मी निर्दोष आणि एकदाच गुन्हेगार, असं कसं? त्या दिवशी इंजिन बंद पडलं नसतं तर मी काय केलंय ते मलासुद्धा कळलं नसतं. रॉकेलात पाणी मी घातलं नव्हतं. अमावास्या मी आणली नव्हती. आणि घाईलाही कारण होतं, घरचं वर्षाचं भात होतं.

या हिशेबाचं उत्तर मला शेताच्या बांधाने दिलं. पावसात भाताच्या बांधाला खेकडे भोकं पाडतात. ती रोज बघून चिखलाने बुजवावी लागतात. एखाद्याने आठ दिवस बघितलं नाही आणि पाऊस बेताचा पडला तर काही होत नाही. नवव्या दिवशी मुसळधार लागली की बांध फुटतो आणि खालच्याच्या रोपांवर गाळ बसतो. तेव्हा आपण काय म्हणतो? पावसाने फोडला असं मालक म्हणतो. खालचा शेतकरी तसं म्हणत नाही. तो म्हणतो, भोक कधीपासून होतं? त्याचा प्रश्न बरोबर आहे. चूक फुटण्याच्या दिवशी होत नाही, ती न बघितलेल्या प्रत्येक दिवशी होत असते. मी शंभरदा निर्दोष नव्हतो, शंभरदा वाचलो होतो. माझ्या निष्काळजीपणाचं मोल किती ते नशिबाने ठरवलं असेल, पण निष्काळजीपणा नशिबाचा नव्हता.

तरी या विचारात सवलत आहेच. असा दोर टाकणारा मी एकटा नव्हतो. अकरा वर्षांनी एकदा पडवीत जाळं सांधताना मी दादाला सांगितलं, तो दोर मी टाकला होता. त्याने सुई थांबवली नाही. म्हणाला, "माका म्हायत होता. मी पन तसोच टाकी होतंय. येळ माझ्यार इली, दुसरा काय?" खरंच, तोही तसाच टाकायचा. म्हणजे दोराच्या बाबतीत आम्ही दोघे सारखे होतो, फरक फक्त पाळीचा होता. दादाने मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. त्याने स्वतःला माझ्या शेजारी आणून बसवलं.

पण एका गोष्टीत आम्ही सारखे नव्हतो. मुलाने विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. तिथे ओहोटी नव्हती, घाई नव्हती, इंजिन बंद पडलेलं नव्हतं. दोराचा थोडा दोष वाटून घेता येतो. त्या उत्तराचा येत नाही. ठेवलेला दोर आपोआप गुंतत नाही हे त्या पोराला तेव्हाच कळलं असणार.

आता होडी तोच चालवतो, हंगामात पर्यटकांना फिरवतो. दोर ठेवायची रीत आम्ही बदलली आहे. तळाला भोकं पाडलेली प्लास्टिकची बादली. दोराचं होडीकडचं टोक आधी कडीला पक्कं बांधायचं, नाहीतर सगळा दोर नांगराबरोबर पाण्यात जातो. मग तो टोकाकडून, वरून वर, आपोआप पडेल तसा बादलीत सोडायचा. नांगराकडचा भाग शेवटी म्हणजे सगळ्यात वर, त्याच्यावर साखळी. नांगर बादलीशेजारी, एका ओढीत सुटेल अशा गाठीने बांधलेला. वर काहीही ठेवायचं नाही, माणसाची चप्पलसुद्धा नाही. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्यात दोर खंगाळून सावलीत सुकवायचा, कारण मीठ आत राहिलं की धागे कापतं आणि उन्हाने दोर वरून चांगला दिसत असला तरी कुजतो. दर पाच वावांवर रंगीत चिंधी, म्हणजे अंधारात नाही तरी उजेडात मोजता येतं. अंधारासाठी तिथेच गाठीही आहेत, एक, दोन, तीन.

गेल्या वर्षी दोर बदलताना गाठी मारायला मी आणि मुलगा बसलो होतो. तेव्हा मी त्याला सांगितलं. तो थोडा वेळ गाठ आवळत राहिला. मग म्हणाला, "बाबा, मग तवा तसा कित्याक सांगितलात?"

मला उत्तर आलं नाही. त्याने दोराचं टोक माझ्या हातात दिलं आणि आम्ही पुढचे पाच वाव मोजले.