कोणत्या सालची गाडी?

अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर अर्व्ह गॉर्डन नावाचे एक विज्ञानशिक्षक होऊन गेले. 1966 साली त्यांनी व्होल्व्हो कंपनीची पी-1800 ही दोन दरवाजांची तांबडी स्पोर्ट्स कार नवी कोरी घेतली. किंमत जवळजवळ वर्षभराच्या पगाराइतकी. शिक्षकाने असे करावे की नाही, हा प्रश्न आमच्या पेशातील मंडळींनी आपापल्या घरी सोडवावा! पण गॉर्डन यांनी ती गाडी पुढे विकली नाही आणि शेडमध्ये झाकूनही ठेवली नाही. रोज शाळेत जायला-यायला तीच. सप्टेंबर 2013 मध्ये अलास्कात तिचे 30 लाख मैल पूर्ण झाले. आपल्या हिशेबाने सुमारे 48 लाख किलोमीटर. 2018 साली ते वारले, तोवर मालक एकच. मधल्या काळात इंजिन उघडून पुन्हा बांधावे लागले, झिजले ते बदलावे लागले. तरी ती गाडी 1966 चीच आहे याबद्दल त्यांच्या मनात कधी शंका आली असेल, असे मला वाटत नाही.

आमच्या इचोड्याकडे स्पोर्ट्स कार कुठून येणार? नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावरचे गाव असल्यामुळे क्वचित एखादी डोळ्यांसमोरून सूं करून जाते, एवढेच. आमच्या लहानपणी गाडी म्हणजे फियाट. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली, 1089 सी.सी.ची, गिअरचा दांडा स्टिअरिंगला असलेली. पैसे भरून वर्षानुवर्षे नंबराची वाट पाहावी लागे. तिला स्पोर्ट्स कार म्हटले तर आजची मुले हसतील. पण मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर हीच फियाट शर्यतीत धावत असे, हेही त्यांना सांगायला हवे.

माझ्या परिचयाच्या एका वयोवृद्ध डॉक्टरांकडे 1971 साली नवी घेतलेली अशी एक फियाट आहे. आर.सी. बुकात पहिले आणि शेवटचे नाव त्यांचेच. काही वर्षे ती अंगणात उभी राहिली, तळाचा पत्रा गंजला, सीटचे रेक्झिन उंदरांनी खाल्ले. मग वयाच्या ऐंशीनंतर डॉक्टरांनी ती पूर्ण नीट करून घ्यायचे मनावर घेतले. मिस्त्री आला, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, “साब, पहले ये बोलो, गाडी को कौनसे साल की बनाना है?”

तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत ज्या प्रश्नाला पानेच्या पाने लागतात, तो त्याने हाताला ऑइल लागण्यापूर्वीच विचारला.

पुस्तकांतला प्रश्न जरा निराळा आहे. ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे आपल्या परंपरेतला मिलिंद, याला नागसेन भिक्खूने रथाबद्दल विचारले होते: चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? मग या साऱ्या भागांत रथ कुठे आहे? ग्रीकांकडे थीसियसच्या नौकेची गोष्ट. कुजलेली एकेक फळी बदलत गेले. सगळ्या बदलल्यावर नौका तीच की दुसरी? पुढे इंग्रज विचारवंत हॉब्ज याने तिला आणखी एक फाटा फोडला. काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणी जमवल्या आणि त्यांची पुन्हा नौका बांधली, तर खरी कोणती? डॉक्टरांनी हॉब्ज वाचला नसावा. पण बदललेले कार्बोरेटर, जुने पिस्टन, किल्लीचे झिजलेले कुलूप असे सगळे एका पोत्यात भरून त्यांनी जिन्याखाली ठेवले आहे. मी विचारले, गाडी अंगणात आहे की पोत्यात? ते म्हणाले, “ज्यात बसून आदिलाबादला जाता येते ती.”

हे उत्तर मला नागसेनाच्या तोडीचे वाटते. रथाचा आणि नौकेचा प्रश्न बघणाऱ्याला पडतो. वापरणाऱ्याला तो पडत नाही, कारण त्याच्या वापराचा धागा मध्ये कुठे तुटलेलाच नसतो. त्याला वेगळाच प्रश्न पडतो आणि तो नैतिक आहे.

आधी सरकारचे म्हणणे पाहू. 2021 साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून अधिक काळ झालेली, मूळ स्वरूपात जपलेली, चॅसिस, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये शुल्क. पण अशी नोंद झाली की ती नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच बाहेर. म्हणजे मूळ रूपाचा मान हवा असेल तर मूळ काम सोडा. संग्राहकाला हे सोयीचे आहे आणि नियमही वाईट नाही. पण पहिल्या मालकाने गाडी घेतली ती जाण्यायेण्यासाठी, मिरवण्यासाठी नव्हे. डॉक्टरांनी ती नोंद केली नाही. साधी फिटनेस तपासणी करून घेतली.

आता मिस्त्रीचा प्रश्न. संग्राहक जुनी गाडी घेतो तेव्हा त्याचे उत्तर ठरलेले असते: कारखान्यातून निघाली त्या दिवसाची करा. मधली पन्नास वर्षे त्याची नसतात. ती खरवडून काढताना त्याचे काही जात नाही. रंग खरवडा, लांबी भरा, पत्रा ठोका. पहिल्या मालकाची मात्र ती सगळी वर्षे असतात. शिवाय आणखी एक विपरीत गोष्ट घडते. जीर्ण वस्त्र टाकून नवे धारण करण्याचा गीतेतला दृष्टान्त आपल्याला पाठ आहे. तिथे वस्त्र नाशवंत आणि धारण करणारा शाश्वत. इथे वस्त्र नवे होऊन बाहेर येते आणि त्यात बसणारा मात्र चौऱ्याऐंशी वर्षांचाच राहतो. त्यामुळे अशा जीर्णोद्धारात तारुण्य परत विकत घेण्याचा मोह किती आणि कृतज्ञता किती, हे ज्याने त्याने आरशात पाहून ठरवावे.

आपण सीमेवरची माणसे हा प्रश्न भाषेच्या बाबतीत रोज सोडवतो. आमची मराठी निजाम राजवटीत उर्दूला घासली, 1956 नंतर आंध्र प्रदेशात तेलुगूला घासली, 2014 पासून तेलंगणात आहे. पुण्याहून येणारे पाहुणे तिला सुधारू पाहतात. जणू मधली वर्षे म्हणजे नुसता गंज. त्यातला गंज कोणता आणि आयुष्य कोणते, हे बाहेरून कळत नाही. केस्लापूरच्या नागोबाचे देऊळ मेसराम कुळातल्या गोंड मंडळींनी आपल्याच वर्गणीतून दगडात नव्याने बांधले, डिसेंबर 2022 मध्ये ते पुरे झाले. देव तोच का, असे कोणी विचारले नाही. पूजेसाठी गोदावरीचे पाणी पायी जाऊन आणणारे तेच होते.

असो. डॉक्टरांच्या गाडीकडे वळू. इंजिन बांधून झाले, तळ नवा बसला, रेक्झिन झाले. डाव्या दरवाजावर मात्र हातभर लांबीचा एक खोल पोचा आहे, त्याला हात लावायचा नाही असे डॉक्टरांनी बजावले. मिस्त्री नाराज झाला. सगळे काम झकास आणि समोर हे! त्याने फुकट काढून द्यायची तयारी दाखवली. नाही म्हणजे नाही.

मी खोदून विचारले तेव्हा कळले. 1979 च्या पावसाळ्यात रात्री एका रुग्णाकडून परतताना डॉक्टरांनी घाईने एका बंडीला डावीकडे ठेवून गाडी पुढे काढली. बैल बुजले, बंडीचे लाकूड दारात घुसले, बंडीवाला खाली पडला आणि त्याचा घोटा मोडला. चूक डॉक्टरांची होती. त्यांनीच उपचार केले, पैसेही दिले. पाय जोडला गेला, पण वाकडा. पोचा तसाच ठेवला तो तेव्हापासून.

मी म्हणालो, “डॉक्टरसाहेब, अपराधाचेही प्रदर्शन मांडता येते. त्यातही एक अहंकार असतो.” ते म्हणाले, “म्हणून तर कुणाला सांगत नाही. तुम्ही मास्तर, तुम्ही खोदलेत.”

इथवर माझे मत त्यांच्या बाजूने होते. दुसऱ्या मालकाने तो पोचा काढला तर तो फक्त पत्रा सरळ करील; पहिला मालक आपल्याविरुद्धचा पुरावा नाहीसा करील. काम एकच, हातोडा तोच, पण कृत्य वेगळे. पण डॉक्टरांनी पुढे जे सांगितले त्याने माझा हिशेब बिघडला. तो बंडीवाला हयात होता तोवर दर पोळ्याला त्यांच्याकडे येई. अंगणात गाडी दिसली की म्हणे, “सायेब, ते दरवाज्याचं नीट करून घ्या ना. मले पाहून कसंतरी होते.” डॉक्टर हसून विषय बदलत.

म्हणजे ज्याचा पाय मोडला त्याला ती खूण नको होती, आणि ज्याने मोडला त्याला हवी होती. मग खूण कोणाची? आर.सी. बुकात गाडीचा मालक लिहिलेला असतो, पोच्याचा नसतो. माझ्या मते तो पोचा बंडीवाल्याचा होता, आणि त्याने मागितले त्याच पोळ्याला तो काढायला हवा होता. मी हे डॉक्टरांना सांगितलेही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “खरे आहे. पण तो गेला. आता काढायचा तर कोणाला विचारू?”

त्याचा मुलगा कामासाठी यवतमाळकडे गेला, एवढेच त्यांना ठाऊक आहे. गाव माहीत नाही. गाडी चालू स्थितीत आहे, आणि पाऊस उघडल्यावर तिकडे जाऊन यायचे त्यांच्या मनात आहे.