बोटावरचा आकडा आणि अनुमान

२१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि त्याच दिवशी २२ रुग्ण दगावले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या त्या दिवसांत घरोघरी लोक बोटाला पल्स ऑक्सिमीटरचा चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन ९४ टक्के की ८८ एवढंच बघत होते, जणू तो आकडा म्हणजे प्रत्यक्ष प्राणच. पण तो आकडा प्रत्यक्ष नव्हे, अनुमान आहे. तांबडा आणि अवरक्त प्रकाश बोटातून जाताना किती शोषला गेला, यावरून यंत्र तर्क करतं. नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचा, धुरावरून अग्नी ओळखण्याचा दाखला इथे चपखल बसतो, आणि हेत्वाभास, म्हणजे फसवी खूण, हाही. धुरात गुदमरलेल्या माणसाच्या हिमोग्लोबिनला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेला असतो, तरी चिमटा ९८ दाखवू शकतो. गार पडलेली बोटं, नेलपॉलिश यांनीही आकडा ढळतो. त्वचेच्या रंगानेसुद्धा: २०२० च्या एका अमेरिकी अभ्यासात कृष्णवर्णीय रुग्णांची घसरलेली पातळी गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा यंत्राच्या नजरेतून निसटली होती. आपल्यासारख्या सावळ्या समाजाने हे मनावर घ्यायला हवं.

मग आकडा टाकूनच द्यायचा का, असं कोणी विचारेल. मुळीच नाही. अनुमान हेही प्रमाणच, म्हणजे ज्ञानाचं साधनच; फक्त त्याची व्याप्ती, म्हणजे खूण आणि वस्तू यांचा नेमका संबंध, तपासावी लागते. म्हणून तर शंका येताच डॉक्टर मनगटाच्या धमनीतून रक्त काढतात, श्वास मोजतात, ओठांचा रंग बघतात.