डायनोसॉरांचे राज्य टिकले असते तर

बीड जिल्ह्यात विहीर खोदताना वर काळी माती, खाली मुरूम आणि मग काळा पाषाण लागतो. हा पाषाण म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर थरावर थर पसरलेला लाव्हा. कुठे दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. पुढचा लाव्हा येईपर्यंत तेवढा काळ जमीन ऊनपाऊस खात उघडी पडलेली होती. त्याच सुमारास मेक्सिकोतील चिक्सुलुब येथे लघुग्रह आदळला, पुढचे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. विनाशात दख्खनच्या लाव्हाचा वाटा किती, हा वाद मिटलेला नाही. पारडे लघुग्रहाकडे झुकते.

हा आघात टळला असता तर काय, या चर्चेत वंश बुडणे आणि जागा रिकामी होणे यांची नेहमी गल्लत होते. डायनोसॉरांचा वंश बुडालेला नाही. पाटोदा तालुक्यातील नायगावच्या मयूर अभयारण्यात तो सुखाने नांदतो आहे. ओल्या मातीतला मोराचा ठसा पाहावा: पुढे पसरलेली तीन बोटे. ही ठेवण दोन पायांवर धावणाऱ्या मांसाहारी डायनोसॉरांची. पक्ष्यांच्या जाती आजही दहा हजारांवर आहेत, सस्तन प्राण्यांच्या त्याहून बऱ्याच कमी. रिकामी झाली ती थोराड प्राण्यांची जागा. सस्तन प्राणी तोवर दहा कोटींहून अधिक वर्षे बहुतेक उंदरा-घुशीएवढेच राहिले होते. त्यांच्यात कर्तबगारी नव्हती असे नाही, वाव नव्हता.

पुराजीवशास्त्रज्ञ डेल रसेल यांनी 1982 मध्ये वेगळेच चित्र मांडले. ट्रूडॉनसारख्या मोठ्या मेंदूच्या डायनोसॉरापासून पुढे ताठ चालणारा, बिनशेपटीचा प्राणी घडला असता, असे म्हणून त्यांनी त्याची प्रतिकृतीही करवून घेतली. ती संशयास्पदरीत्या माणसासारखी आहे. बुद्धी आली की माणसाचाच साचा आला, हे कशावरून? न्यू कॅलेडोनियातला कावळा हातांवाचून, चोचीने काटकीचा आकडा करतो आणि लाकडातल्या अळ्या ओढून काढतो. इथे रसेल यांचा पुतळा कोसळतो. मात्र हाच कावळा त्यांच्या बाजूनेही साक्ष देतो. डायनोसॉरांच्या वंशात तल्लख बुद्धी उपजू शकते, हे त्याने दाखवून दिले आहे. म्हणजे आघाताविना पृथ्वी निर्बुद्धच राहिली असती, हेही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

आघात टळला असता तर आजची कुरणे तरी असती का, यासाठी थोडे गवताविषयी. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे डायनोसॉरांच्या दगड झालेल्या लेंड्यांत वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांना गवताचे सिलिकाकण सापडले. 2005 मध्ये ते प्रसिद्ध झाले. बीडची ज्वारी, बाजरी, ऊस याच कुळातले. गवताला लघुग्रहाची वाट पाहावी लागली नव्हती. पुढे हवामान थंड व कोरडे होत गेले आणि माळराने पसरली. ती तशीही पसरली असती, कारण त्यामागची कारणे वेगळी होती. थंडीने डायनोसॉर संपले असते, असेही नाही. अलास्कात ध्रुवीय रात्र सोसून राहिलेल्यांचे जीवाश्म आहेत. तेव्हा बीडच्या बालाघाट डोंगरावर कुरण असते, चरणारेही असते. फक्त ते अंडी घालणारे असण्याचा संभव अधिक.