ज्याला गरज, त्याला मत नाही

मावळातून खूप काही जातं. लोहमार्ग, जुना हायवे, द्रुतगती मार्ग, सगळं बोरघाट उतरून मुंबईला. १९१५ साली टाटांनी लोणावळ्याच्या धरणांचं पाणी खाली खोपोलीला सोडून वीज तयार केली, ती मुंबईच्या गिरण्यांसाठी. पवनेचं पाणी बंद पाइपातून पिंपरी-चिंचवडला न्यायचं ठरलं, तेव्हा ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर शेतकरी उतरले. पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघांचा जीव गेला. आता इंटरनेटची फायबरही रेल्वेच्या रुळांच्या कडेकडेनं जाते. आपल्या दारावरून काय जावं आणि आपल्या दारात काय थांबावं, हे ठरवायचं कुणी, हा प्रश्न आमच्याकडे जुना आहे.

मी हिंजवडीत सॉफ्टवेअर लिहितो. फ्लॅटवर दोन कंपन्यांची कनेक्शन्स आहेत, एक बंद पडलं तर दुसरं असावं म्हणून. मतदार यादीत नाव मात्र पवन मावळातल्या गावी आहे. तिथे डोंगराच्या आड फोनला रेंज येते-जाते. म्हणजे इंटरनेटवर गावाने काही ठरवायचं झालं तर मला मत आहे आणि गरज नाही.

गेल्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी विषय काढला. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशांपैकी ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते. उरलेले ४० टक्के कुठे खर्चायचे ते गाव आपल्या आराखड्यात ठरवू शकत होतं. मी म्हटलं, त्यातून शाळा आणि समाजमंदिर इथे एक चांगलं कनेक्शन घेऊ, संध्याकाळी पोरांना बसता येईल. एक आजोबा उठले. म्हणाले, "बाळा, स्मशानभूमीला शेड नाही. पावसात सरण पेटत नाही. तुझं इंटरनेट त्याच्या आधी का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही त्या प्रश्नाची टिंगल करावीशी वाटत नाही. हात शेडसाठी वर झाले. तेव्हा दहावी-अकरावीची पाच-सहा पोरं दाराशी उभी राहून बघत होती. त्यांना हात वर करायचा अधिकार नव्हता.

आता नीट बघा. ज्यांना सर्वांत जास्त गरज, ते अठराच्या आतले. लोणावळ्याच्या बंगल्यांत शुक्रवारी रात्री येणारे लोक इंटरनेट सर्वांत जास्त वापरतात, पण त्यांची मतं मुंबई-पुण्याला. आणि मत ज्यांच्याकडे आहे त्यातल्या अनेकांना वाटतं की हे आपल्या कामाचं नाही. आजोबांचा तर्क सरळ होता: पोरं अठराची झाली की त्यांनी त्यांचं बघावं. पण अठराव्या वर्षी बारावी होऊन गेलेली असते.

मग मतदानच नको, हा हक्क आहे, सरकारने वरून द्यावा, असं म्हणायचं का? त्या बाजूनेही बळकट मुद्दा आहे. इंटरनेट गावाने मागितलं नसेल, पण सरकारने ते अट म्हणून गावावर आणलं. पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवर. रेशनची केवायसी ऑनलाइन. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन. आजोबांची पीक पाहणीही त्यांचा नातू टेकडीवर रेंज शोधून पूर्ण करतो. खिडकी बंद करून पोर्टल उघडलं, तर पोर्टलपर्यंतची वाट हा रस्त्यासारखाच प्रश्न झाला. शाळेपर्यंत रस्ता असावा का, यावर आपण मतं घेत नाही.

केंद्राने २०११ मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना मंजूर केली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं. हेतू बरोबरच होता. पण पंचायतीच्या कपाटापर्यंत वायर पोचणं वेगळं आणि ती आपली वाटणं वेगळं. ज्याच्यासाठी आपण काही ठरवलं नाही, काही सोडलं नाही, त्याची राखण कोण करणार? हातपंप बिघडला की बायका दुसऱ्या दिवशी पंचायतीत जातात, कारण हंडा रिकामा असतो. वायर तुटली की गाव सहा महिने गप्प बसू शकतं.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २००५ मध्ये कायदा केला: मतदारांनी कौल दिल्याशिवाय गावाने स्वतःची इंटरनेट सेवा द्यायची नाही. लाँगमाँट शहराकडे स्वतःची वीजसेवा होती, जमिनीत फायबरही होती. २००९ च्या मतदानात लोकांनी नाही म्हटलं. २०११ मध्ये, विरोधातल्या महागड्या प्रचारानंतरही, हो म्हटलं. मला महत्त्वाचं वाटतं ते २०१३ चं तिसरं मतदान. त्यात प्रश्न होता, जाळं उभारायला शहराने कर्ज काढावं का. त्यालाही लोकांनी हो म्हटलं. पहिल्या दोन मतदानांत लोकांनी परवानगीबद्दल मत दिलं होतं, तिसऱ्यात त्यांनी जबाबदारी घेतली. तो कायदा राज्याने २०२३ मध्ये रद्द केला, पण लाँगमाँटच्या लोकांना आपलं जाळं आपलं वाटतं, याचं मूळ मला त्या तिसऱ्या मतात दिसतं.

आपल्याकडेही मताची वाटणी गरजेनुसार केल्याचं एक उदाहरण आहे. दारूचं दुकान बंद करायला गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी गुप्त मतदानात आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होतं. दारू पिणारा पुरुष, पैसा कमावणारा दुकानदार, पण मोजली जातात बायकांची मतं. कारण मार त्यांना बसतो. मताचा अधिकार सगळ्यांना सारखा, हे निवडणुकीपुरतं खरं. एखाद्या प्रश्नाची झळ कुणाला बसते, हे विचारणंही लोकशाहीतच बसतं.

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे. गावातल्या प्रत्येक पोराला अभ्यासापुरतं इंटरनेट मिळावं की नाही, हा प्रश्न हात मोजून सोडवायचा नाही. बहुमताला तो अधिकार नाही, जसा तो एखाद्या वस्तीचं पाणी तोडायचा नाही. पण कनेक्शन कुठे बसवायचं, किती वाजेपर्यंत चालू ठेवायचं, दरमहा बिल कशातून भरायचं, बंद पडलं तर तक्रार कुणी करायची, शेड आधी की हे आधी, हे गावानेच ठरवायचं. आजोबांचा प्रश्न या दुसऱ्या यादीतला आहे, आणि तिथे ते मला हरवू शकतात. यंदा शेड आणि पुढच्या वर्षी कनेक्शन, असं ठरलं तर मला ते मान्य आहे. कधीच नाही, हे मान्य नाही.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी मी ठरावाचा मसुदा लिहिलाय. त्यात 'इंटरनेट हवे की नको' असं कुठेच नाही. चार ओळी आहेत: जागा, वेळ, महिन्याचं बिल, आणि जबाबदार माणसाचं नाव. चौथी ओळ कोरी ठेवलीय. मसुदा आधी महिलांच्या ग्रामसभेत वाचून दाखवायचा आहे, आणि त्याच्याही आधी दाराशी उभ्या राहणाऱ्या त्या पोरांना. हात त्यांना वर करता येणार नाही, पण संध्याकाळची वेळ कोणती ठेवायची हे तर ते सांगू शकतात.