घराखालची जमीन

खामगाव, मलकापूर, चिखली किंवा मेहकर, बुलढाणा जिल्ह्यातील यांपैकी कोणत्याही गावाच्या जुन्या वस्तीत घर बांधू पाहणाऱ्या हमालाला अथवा चार घरची धुणीभांडी करून संसार चालवणाऱ्या बाईला विटा, सिमेंट आणि गवंड्याची मजुरी यांच्याही आधी अडवते ती जमीन. शासनाने ही अडचण अर्धीच ओळखली आहे. शहरात स्वतः घर बांधणाऱ्यास केंद्र आणि राज्य मिळून अडीच लाख रुपयांचे अनुदान ठरले, पण ते ज्याच्या नावे जागा आहे त्याला; खेड्यातील जागाहीन लाभार्थ्याकरिता २०१५ पासून जागाखरेदीचे साहाय्य निघाले, त्याची मूळ मर्यादा पन्नास हजार रुपये. एवढ्या रकमेत जी जागा पदरात पडेल ती बाजारापासून, दवाखान्यापासून आणि मुख्य म्हणजे रोजच्या कामापासून किती दूर असेल, हे सांगावयास अर्थशास्त्री नको.

तेव्हा माणसे नझुलावर, म्हणजे वस्तीतल्या सरकारी जमिनीवर राहतात, किंवा गावाच्या कडेला ई-क्लासवर. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकास हा दुसरा शब्द चमत्कारिक वाटेल. आमच्याकडे गुरचरणाच्या व तत्सम सरकारी जमिनीस सरसकट हेच नाव आहे. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला आणि महाराष्ट्र शासनानेही त्याच वर्षी गायरानासंबंधी कडक निर्णय काढला. पुढे सर्वांना घरे देण्याचे धोरण आले, तेव्हा निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याची वाट शासनानेच उघडली. एक हात उठवतो, दुसरा बसवतो. आणि ज्याला पट्टा मिळतो त्याच्या हाती काय येते? बहुधा भोगवटदार वर्ग दोनचा हक्क, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून हस्तांतरण करता येत नाही असा. ही अट जाचक खरी, पण सार्वजनिक जमिनीवर लोकांची जी शेवटची पकड उरली होती ती हीच. २०१९ च्या नियमांनी रक्कम भरून वर्ग दोनचे वर्ग एक करून घेण्याची मुभा दिली आणि ती पकडही विक्रीस निघाली. गरिबाला पट्टा द्यावा आणि काही वर्षांनी आजारपणात किंवा लेकीच्या लग्नात तो पट्टा धनिकाच्या दप्तरी जमा व्हावा, हा क्रम ज्याने तहसिलीच्या आवारात थोडा काळ घालवला आहे त्याला अपरिचित नाही.

ह्या पेचातून निघण्याची एक रीत अमेरिकेतील काही शहरांनी स्वीकारली आहे. जमीन एका लोकन्यासाच्या मालकीची राहते आणि न्यास ती कधीच विकत नाही; घर मात्र कुटुंबाच्या मालकीचे असते, त्याखालची जमीन त्यांना बहुधा नव्व्याण्णव वर्षांच्या, वारसाकडे जाणाऱ्या पट्ट्याने मिळते, आणि घर विकावयाचे झाल्यास किंमत आधी ठरलेल्या सूत्राने निघते. बर्लिंग्टन या लहानशा शहरात १९८४ साली स्थापन झालेल्या न्यासाने विक्रेत्यास मूल्यवाढीचा पंचवीस टक्के हिस्सा द्यावयाचे ठरवले. उरलेली वाढ घरातच राहते, म्हणून पुढचे गरीब कुटुंबही ते घेऊ शकते. कारभारी मंडळाचे साधारणतः तीन समान भाग: एक तेथे राहणाऱ्यांचा, दुसरा आसपासच्या नागरिकांचा, तिसरा सार्वजनिक हिताकडे पाहणाऱ्यांचा.

पण हे सारे परकीय म्हणून बाजूला सारण्यापूर्वी त्याचे कुळ पाहावे. वर्ध्याजवळच्या पवनारहून निघालेल्या विनोबांना १९५१ च्या एप्रिलात तेलंगणातील पोचमपल्लीस पहिले भूदान मिळाले आणि पुढल्याच वर्षी उत्तर प्रदेशातील मंगरोठ हे सबंध गाव ग्रामदानात आले. ह्या ग्रामदानाचा अभ्यास करणाऱ्यांत रॉबर्ट स्वान हा, दुसऱ्या महायुद्धात लढण्यास नकार देऊन तुरुंगात गेलेला अमेरिकन होता. त्याने स्लेटर किंग, चार्ल्स शेरॉड इत्यादी नीग्रो मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांसह १९६९ साली जॉर्जियात ‘न्यू कम्युनिटीज’ हा न्यास उभारला. प्रेरणा एकच नव्हती, पण त्या प्रेरणांत ग्रामदान होते. सुमारे पाच हजार सातशे एकरांची ती भूमी दुष्काळ आणि सरकारी कर्जाचा भेदभाव यांमुळे १९८५ साली कर्जात गेली. शेतीवर जे टिकले नाही ते शहरातल्या घरांवर टिकले: सिनसिनाटीत १९८१ साली, मग बर्लिंग्टनला, मग बोस्टनच्या डडली स्ट्रीट वस्तीत.

आमच्याकडे मात्र तो विचार शेताच्या बांधावरच थांबला. बुलढाणा तेव्हा मध्य प्रदेशात असल्याने येथे १९५३ चा भूदानाचा कायदा लागू झाला, पण त्याने जमीन व्यक्तीच्या हाती दिली. गावाच्या हाती जमीन देणारा महाराष्ट्राचा ग्रामदान अधिनियम १९६४ चा. त्याखाली गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गाव पुष्कळ उशिरा, २०१३ साली ग्रामदानी झाले. पूर्वीचे ग्रामदान फिके पडले याचे एक कारण मला असे वाटते की, त्याने पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्यास स्वामित्वाचा त्याग करावयास सांगितले. शहरी न्यासात तो प्रश्नच येत नाही, कारण नझूल कोणा एकाच्या मालकीचे नाहीच.

असा न्यास येथे काढण्यावरचे आक्षेप खरे आहेत. बँक कर्ज देताना घर नव्हे, जमीन पाहते. न्यासाची जमीन गहाण टाकली तर जॉर्जियाचा इतिहास इथेही घडेल, म्हणून गहाणास बंदी न्यासाच्या घटनेतच हवी. याहून कठीण प्रश्न जातीचा आहे. आमच्या मोहल्ल्यांची रचनाच जातीवार आहे, आणि ज्या मंडळात राहणाऱ्यांपेक्षा गावच्या प्रतिष्ठितांचे वजन जास्त त्याचा न्यास देवस्थानच्या इनामापेक्षा वेगळा होणार नाही: देव जमीन विकत नाही खरा, पण तिच्या उत्पन्नाचा जाब कोण विचारतो? किमतीचे सूत्रही अन्यायाचे ठरू शकते. घरावर कष्टाची कमाई ओतलेल्या माणसास बाजारभाव न देणे हे, बाकी सर्वांना बाजारभाव मोकळा असताना, गरिबासच त्याग शिकवणे आहे. याला माझ्यापाशी पूर्ण उत्तर नाही; इतकेच म्हणेन की, त्याची कमाई सव्याज परत मिळावी, जमिनीची वाढ मात्र त्याने निर्माण केली नाही.

तरी नगरपरिषदांनी पुढचे पट्टे वाटण्यापूर्वी एकाच वस्तीत, पन्नास घरांपुरता हा प्रयोग करावा: जमीन वस्तीच्या न्यासाला द्यावी, घरांचे हक्क नवरा-बायकोच्या संयुक्त नावे नोंदवावे, आणि वर्ग एक करून देण्याची वाट त्या जमिनीच्या नोंदीत कायमची बंद करावी.