नहपान राजाचे नाणे

(वाचावयाचा शास्त्रभाग : लूक २०:१९–२६, कलस्सैकरांस पत्र ३:९–११)



इसवी सन १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे रुप्याच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. ती नाणी नहपान नावाच्या राजाची होती. त्यांच्या एका बाजूस राजाचे मुख व दुसऱ्या बाजूस बाण, वज्र आणि त्याचे नाव, असा छाप होता.

हा नहपान क्षहरात कुळातील शक राजा. शकांचे मूळ मध्य आशियातील. अशा लोकांस ग्रीक लोक ज्या नावाने ओळखत, तेच नाव आमच्या मराठी शास्त्रात ‘स्कुथी’ असे आले आहे. सुमारे १,९०० वर्षांपूर्वी भडोच, नाशिक, कार्ले व जुन्नर येथे त्याची सत्ता होती. आमच्या अकोले व पारनेर तालुक्यांस लागूनच असलेल्या जुन्नरास त्याच्या अयम नावाच्या अमात्याने पाण्याचे टाके खोदविले. त्याचा जावई उषवदात याने नाशिकास लेणे कोरविले, ब्राह्मणांस ३,००,००० गाई व १६ गावे दिली, आणि भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण गोवर्धनच्या कोष्ट्यांकडे कायमची ठेव म्हणून व्याजी ठेविले. हे सर्व त्याने दगडात कोरून ठेविले.

परंतु ठेव कायमची असली तरी राज्य कायमचे नव्हते. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने क्षहरातांचे कुळ निर्मूळ केले, असे त्याची आई बलश्री हिचा नाशिकचा लेख सांगतो. पूर्वी उषवदाताच्या भोगवट्यास असलेले २०० निवर्तने शेत ह्या नव्या राजाने भिक्षूंस देऊन टाकिले. जैन लोकांत अशी कथा आहे की, गोदेकाठच्या पैठणच्या राजाचा मंत्री कपटाने भडोचच्या राजाकडे राहिला, आणि देवळे व तळी बांधण्याच्या निमित्ताने त्याने त्याचा सारा खजिना रिता करविला. मग त्याला जिंकणे सोपे झाले. ह्यावरून आम्ही काय शिकावे? दानधर्माच्या मोठ्या यादीने कोणाचे सिंहासन टिकत नाही. आपल्या वाड्याच्या गच्चीवर फिरत स्वतःची थोरवी गाणाऱ्या नबुखद्नेस्सरासही हेच शिकावे लागले (दानीएल, अध्याय ४).

आता त्या नाण्यांकडे पुन्हा पाहू. गौतमीपुत्राने ती फेकून दिली नाहीत. त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर त्याने आपला छाप जुन्या छापावरच मारिला. रुपे तेच राहिले, धनी मात्र बदलला. प्रभूने नाणे हाती मागून त्यावर कोणाचे मुख आहे असे विचारिले, ते आम्हांस ठाऊक आहे. कैसराचे मुख नाण्यावर, पण मनुष्यावर देवाची प्रतिमा आहे. म्हणून मनुष्य देवाचा. पापाने ती झाकली असताही प्रभूने आम्हांस टाकून दिले नाही, तर बाप्तिस्म्यात आपला छाप आम्हांवर मारिला.

पण त्या नाण्यांपैकी कित्येकांवर नव्या छापाखालून नहपानाचे मुख अद्याप दिसते! बंधूंनो, आमचेही असेच नाही काय? उपासनेत आम्ही एक गीत गातो. परंतु सोयरीक जमविण्याची वेळ आली म्हणजे पूर्वजांचा वाडा कोणता, हे हळूच विचारितो. मंडळीच्या पंचांची निवड करिताना कोणत्या घराण्याचा माणूस हे आधी पाहतो. ज्या भेदाने आमच्या आजा-पणज्यांस पाणवठ्यापासून दूर उभे केले, तोच भेद आम्ही एकमेकांवर चालवितो. उपदेशक व पाळक ह्यांतून सुटले आहेत असेही आम्ही म्हणत नाही.

प्रेषित पौल सांगतो की, नव्या मनुष्यात ग्रीक व यहूदी, दास व स्वतंत्र हा भेद उरत नाही; आणि त्या यादीत तो स्कुथ्याचेही नाव घेतो. ज्यांना ग्रीक लोक रानटी म्हणून हिणवीत, त्यांनाही त्या पंक्तीत जागा आहे. मग शेजारच्या वाड्यातील भावास ती आम्ही कोणत्या तोंडाने नाकारावी?

म्हणून येत्या प्रभुभोजनापूर्वी प्रत्येकाने आपले नाणे उजेडात धरून पाहावे. जुने मुख दिसले, तर निराश होऊ नये; ज्याने एकदा छाप मारिला, त्याच्याच हाती पुन्हा जावे. राजे गेले, त्यांचे छाप झिजले. आमच्या राजाचा छाप मात्र झिजणारा नाही. तो आम्हां सर्वांवर स्पष्ट उमटो. आमेन.